कडुलिंबापर्यंत

पालममध्ये पन्नाशीतला माणूस रस्त्यानं पळताना दिसला की लोकांचा एकच समज होतो, कुणीतरी गेलं. पहिल्या महिन्यात मोटारसायकली थांबवून थांबवून लोकांनी मला बेजार केलं. "बसा मास्तर, सोडतो. कुठं जायलाव इतक्या घाईनं? दवाखाना हाय का?" मी म्हणायचो, "न्हाई हो, तब्येतीसाठी पळायलोय." त्यावर ते गाडीच बंद करायचे. "तब्येतीसाठी? काय झालं तब्येतीला?" घ्या! आता ह्यांना काय सांगावं? मी हात जोडून पुढं निघायचो आणि ते मागून बराच वेळ बघत राहायचे.

मी टेलर. आमच्याकडं टेलरला मास्तर म्हणतात. पुढं दुकान, मागं एक खोली, तिच्यात स्वयंपाकाचा कोपरा. बायको गेली तेव्हापासून त्या खोलीत मी एकटाच. लेकरंबाळं नाहीत. दुकानात दिवसभर माणसं येतात, मापं देतात, कपडे नेतात, पण मागच्या खोलीत यायचं कुणाला काही कारण नाही. एकटा माणूस जेवत नाही, नुसता खातो. तव्यापाशी उभ्यानं दोन भाकरी, मशीनवर बसल्या बसल्या फरसाण, दुपारची भजी, आणि संध्याकाळी करमत नाही म्हणून पुन्हा काहीतरी. मशीनच्या फळीला पोट टेकायला लागलं तरी मी म्हणायचो, खात्यापित्या घरचं दिसायलंय, बरंय की.

मग एका दुपारी दोऱ्याचं बॉबिन खाली पडलं. उचलायला वाकलो तर दमच लागला. फरशीवर बसलो ते उठता येईना. छाती धडधडायला लागली. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं आणि कुणाचं नाव घ्यावं हेच सुचेना. खरं सांगतो, दमापेक्षा मला त्याचंच जास्त भ्याव वाटलं.

डॉक्टरांनी तपासलं. हृदय ठीक निघालं, पण वजनावरून त्यांनी मला चांगलंच झापलं. मी म्हणालो, "महिन्याभरात उतरवतो." मी आधी एकदा उतरवलं होतं ना, लिंबूपाणी आणि पपईवर राहून! तेव्हा चक्कर येऊन हातातली कात्री पडली होती, आणि उतरलेलं सगळं दिवाळीपर्यंत परत आलं होतं, वर आणखी थोडं घेऊन. डॉक्टर म्हणाले, "महिन्याचं बोलू नका, वर्षाचं बोला. उपाशी राहू नका. आधी चाला, मग पळा. आणि कुणालातरी सोबत घ्या." बाकी सगळं ऐकलं. सोबतीचं जमण्यासारखं नव्हतं.

भाकरी सोडली नाही, फक्त एक कमी केली, आणि तिच्याआधी काकडी, कांदा, मेथी असं काहीबाही भरपूर. फरसाणाचा डबा शेजारणीला देऊन टाकला. सगळ्यात अवघड गेलं ते ताट वाढून खाली बसून जेवणं. समोर कुणी नसताना नीट मांडी घालून बसायची मला लाज वाटायची. पण बसल्यावर पोट भरल्याचं कळायला लागलं, इतक्या वर्षांत ते कधी कळलंच नव्हतं.

पळणंही तसंच सुरू झालं. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळायचं आणि पुढचे चार खांब चालायचं. फोनवरच्या व्हिडिओत एक जण समजावून सांगायचा, पळताना बोलता आलं पाहिजे, बोलता येईना की समजा वेग जास्त झाला. बरं, पण बोलायचं कुणाशी? पहाटेच्या रस्त्यावर मी आणि कुत्री. मग मी दादाशी बोलायला लागलो. बोलायला म्हणजे भांडायला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पालमपासून पहाटे निघालं तर पळत पळत, सूर्य वर येईस्तोवर पोचता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. तो तिथं शेती करतो. आई त्याच्याकडंच होती. ती गेली त्या दिवशी मी सोनपेठला जुनी मशीन बघायला गेलो होतो. फोन आला तसा निघालो आणि गंगाखेडच्या अलीकडं एसटी बंद पडली. दादाला फोन केला, थांब, मी येतोय. पण गावातले म्हणाले, दिवस मावळायच्या आत उरकलं पाहिजे. मी पोचलो तेव्हा ओढ्याकाठी धूर होता. आईचं तोंड दिसलं नाही. सगळ्यांसमोर मी दादाला म्हणालो, "माझी बी आई होती. थोडं थांबला असतास तर काय आभाळ कोसळलं असतं?" तो खाली मान घालून उभा राहिला. तेव्हापासून इतकी वर्षं तोही बोलला नाही आणि मीही नाही.

रविवारचं लांबचं पळणं मी त्याच रस्त्यानं ठेवलं. मनाला सांगायचो, ह्या रस्त्याला गाड्या कमी, सावली जास्त. मनाला काय, ते काहीही ऐकून घेतं. आधी पुलापर्यंत, मग काही आठवड्यांनी पोल्ट्रीपर्यंत, मग कापसाच्या जिनिंगपर्यंत. घाई केली की गुडघा दुखायचा, मग पुन्हा दोन आठवडे मागं यावं लागायचं. असा हिवाळा गेला तेव्हा कुठं मी गावच्या फाट्यावरच्या कडुलिंबापर्यंत पोचलो. तिथून दादाचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर, सरळ दिसतं. मी खोडाला हात लावायचो आणि परत फिरायचो. आखाड्याकडं मान वर करून बघायचो नाही. मीच का जायचं? थांबला नव्हता तो. हे मी मोठ्यानं म्हणायचो, एका श्वासात जमायचंही.

उन्हाळा लागला तसा त्या झाडाखाली एक माठ आला. वर लाकडी झाकण, त्यावर पालथा घातलेला स्टीलचा पेला. उन्हाळ्यात कुणीही रस्त्याला माठ ठेवतं, म्हणून मी विचार केला नाही. पाणी गार असायचं. पोटभर प्यायचो आणि परतीचं भांडण सुरू करायचो.

एव्हाना वजन चांगलंच उतरलं होतं, पण मी अंगावरचा एकही कपडा मापात केला नाही. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक बारीक झालं म्हणून लगेच जादाचं कापड कापून टाकत नाहीत, शिलाईच्या आत राहू देतात, पुन्हा लागलं तर असावं म्हणून. मी तर एकदा फसलेलो. म्हटलं, एक वर्ष टिकू दे, मग बघू. पँट नाडीनं बांधायचो, शर्ट खांद्यावरून ओघळायचा. झालं! गावानं हिशेब लावला. मास्तर खंगले. टेलर असून स्वतःचे कपडे आवळायची ताकद राहिली नाही, म्हणजे किती आतून पोखरलं असेल बघा.

आणि लोक मला बघायला यायला लागले. आमच्याकडं आजारी माणसाला बघायला जावंच लागतं, नाही गेलं तर नावं ठेवतात. बिस्किटाचे पुडे, केळी, मोसंबी. ज्या खोलीत वर्षानुवर्षं कुणी पाऊल टाकलं नव्हतं तिथं सतरंजी अपुरी पडायला लागली. आजाराचं नाव कुणी घेत नव्हतं. "परभणीला दाखवलं का?" एवढंच. मी सांगायचो, "अहो, मला काही झालं न्हाई, मी पळतो." ते एकमेकांकडं बघायचे. "व्हय व्हय, मन रमवायलाच पायजे." एका म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून विचारलं, "काही खावं वाटतंय का बाबा? मनात ठिवू नगं."

मला ते आवडायला लागलं, हे सांगायला लाज कसली? मी नवे कप आणले. संध्याकाळी चहाला आलं ठेचताना कुणी येतंय का म्हणून कान दाराकडं असायचे. येलदरीहून एक आत्येभाऊ दोन बस बदलून आला, मी तर त्याला ओळखलंसुद्धा नाही. तो माझा हात हातात धरून बसला आणि डोळे पुसत गेला.

दादा आला नाही. बाहेर गाडी वाजली की मी उठून बघायचो. सगळा तालुका येऊन गेला, ज्याला मी ओळखत नाही तो येऊन गेला, आणि सख्खा भाऊ हाकेच्या अंतरावर असून आला नाही. भाऊ मरायला लागलाय हे कानावर पडूनही ज्याचं पाऊल उचलत नाही, त्याच्यासाठी मी इतकी वर्षं मनातल्या मनात कुढत होतो? त्या रविवारी मी रस्त्यावर अक्षरशः ओरडलो, "मी मेलो तरी दिवस मावळायच्या आत उरकून टाक!" दम लागला, पाय थांबले आणि मी रडलो. माठातलं पाणीसुद्धा प्यायलो नाही.

घरी आलो ते रागानं सगळे कपडे उसवले आणि मापात शिवले. इस्त्री करून घातले आणि दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. गावानं बघितलं, अरे, मास्तर तर ठणठणीत! दोन दिवसांत येणं-जाणं बंद. धडधाकट माणसाला बघायला कोण येतं? नवे कप फळीवर तसेच राहिले, आणि मी पुन्हा एक ताट घेऊन खाली बसायला लागलो.

त्याच आठवड्यात आमच्या गावाकडचा एक म्हातारा मेंढपाळ बंडी शिवायला आला. त्याची मेंढरं त्या कडुलिंबाच्या आसपास चरतात. मी माप घेत होतो तर म्हणाला, "मास्तर, पळताना तुमी भांडता कुणासंग?"

माझे कान गरम झाले. "ऐकू जातं व्हय?"

"पहाटचं समदं ऐकू जातंय. तुमचे दादा बी ऐकत्यात."

"दादा?"

"मंग! ऐतवारी आखाड्यावर बाज टाकून बसत्यात, तुमी परत फिरस्तोवर. समदं गाव त्यायला म्हणायलं, मास्तरचं काही खरं न्हाई, भेटून या. तर म्हणले, त्याला काय धाड भरली? दर ऐतवारी लिंबापस्तोर पळत येतंय, माझ्या नावानं शिमगा करतंय अन् पळत माघारी जातंय. आजारी माणसात इतका दम असतोय व्हय?" म्हातारा हसला. "येड्यावानी वरडून वरडून तुमचा घसा सुकंल, म्हणून तर माठ ठिवलाय त्यायनं."

टेप माझ्या हातात तसाच राहिला. मला बघायला आले ते सगळे मी मरणार म्हणून आले होते. मी नीट आहे, बरा आहे, हे सबंध तालुक्यात एकाच माणसाला ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी निघायलाच उशीर झाला. झोप लागली नव्हती. पोल्ट्रीच्या पुढं पोटरीत असा गोळा आला की रस्त्याच्या कडेला बसून चोळत राहिलो. मग पळणं संपलं, लंगडत चालणं सुरू झालं. ऊन चढलं. ह्या वेळेला दादा गुरांना पाणी पाजून गावातल्या घरी जातो, मला माहीत होतं. आता कोण असणार तिथं? परत फिरावं असं दोनदा मनात आलं. भांडायला एक शब्द आठवेना.

कडुलिंबाच्या मुळावर कुणीतरी बसलं होतं. डोक्यावर पंचा, पायाशी काठी. जवळ गेलो तेव्हा दिसलं, दादाचे केस पार पांढरे झालेत. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानं माठाचं झाकण काढलं, पेला भरला आणि माझ्याकडं धरला. "उभ्यानं पिऊ नको. बस."

मी बसलो. पाणी प्यायलो. पोटरी अजून उडत होती, तो तिच्याकडं बघत होता.

"लय उशीर झाला मला," मी म्हणालो. "वाटलं, तू गेला असशील."

दादानं पेला माझ्या हातातून घेतला, पुन्हा भरला.

"न्हाई गेलो," तो म्हणाला. "ह्या खेपेला थांबलो."