बाबांच्या मुठीतला सिकाडा

आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे न्यूझीलंडमध्ये जॉन्सनव्हिलला आले, तेव्हा फेब्रुवारी होता, इथला ऐन उन्हाळा. घरामागच्या उतारावरची झाडं सिकाड्यांनी नुसती दणाणत होती. या किड्याची ही जात फक्त इथेच सापडते. इथल्या मूळ लोकांच्या माओरी भाषेत त्याला किहिकिही म्हणतात. वर्षानुवर्षं जमिनीखाली काढून उन्हाळ्यात वर येतो आणि मग दिवसभर असा ओरडतो, की डेकवर बसून फोनवर बोलता येत नाही.

बाबा डेकवर चहा घेत म्हणाले, "किती शांत आहे गं तुमच्याकडे."

मला वाटलं, चेष्टा करताहेत.

दोन-चार दिवसांनी एक सिकाडा डेकच्या फळ्यांवर उताणा पडलेला दिसला. बाबांनी तो हलकेच उचलून मुठीत घेतला.

"थरथरतोय बघ. घाबरला असेल."

"बाबा, तो ओरडतोय. तुम्हाला ऐकू येत नाहीये?"

त्यांनी मूठ कानाशी नेली, बराच वेळ तशीच धरली. मग किडा झाडाच्या खोडावर ठेवला आणि आत गेले.

मी बाबांना कान तपासायला घेऊन गेले. तपासणारी मुलगी मृदू स्वभावाची होती. जाड आवाज त्यांना ठीक ऐकू येतात, बारीक, वरच्या पट्टीतले मात्र फार पूर्वीच गेलेत, असं तिनं सांगितलं. "किडे, पक्षी, हळू बोलणारी माणसं." मी ते मराठीत सांगितलं. शेवटचे शब्द बाबांनी मला पुन्हा म्हणायला लावले.

परतताना ते गाडीत एकदम म्हणाले, "तुझी आई शेवटी-शेवटी माझ्याशी बोलेनाशी झाली होती. नुसते ओठ हलायचे. मला वाटायचं, जप करतेय. नाहीतर रागावलीय."

आईच्या शेवटच्या आठवड्यात मी पुण्यातच होते. मी गाडी कडेला घेतली.

"ती तुमच्याशीच बोलत होती, बाबा."

"काय म्हणायची?"

"पंखा कमी करा. उशी सरकवा. जेवलात का. एकदा म्हणाली, हात धरा. तुम्ही धरला नाहीत, म्हणून मी धरला. मला वाटलं, तुम्हाला ते सगळं सहन होत नाहीये."

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. खांदे हलत होते. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

कानाचं मशीन हातात येईपर्यंत उन्हाळा उतरणीला लागला होता. ते घालून बाबा डेकवर गेले आणि दचकून मागे सरले. "भलतेच कर्कश आहेत," म्हणाले. पण मशीन काढलं नाही.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. आई काय काय म्हणाली ते पहिल्यापासून सांग, म्हणाले. मी सांगितलं, ती बोलायची तेवढ्याच हळू आवाजात. जिथे आठवलं नाही, तिथे आठवत नाही म्हटलं. त्यांनी एकदाही "काय?" असं विचारलं नाही.