सहीवाल्या सिस्टर

वॉर्डात त्यांना सगळे सहीवाल्या सिस्टर म्हणत. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हाताखालून बिनसहीचा कागद कधी पुढे गेला नाही. धुऊन आलेल्या चादरींची यादी असो की औषधांचा तक्ता, मोकळी जागा दिसली की त्यांचं पेन चाललंच. ते हरवू नये म्हणून दोऱ्याने खिशाला बांधलेलं. "रिकामी भिंत दिसली तरी सही ठोकाल तुम्ही," असं डॉक्टरीणबाई चिडवायच्या.

या सवयीनेच एकदा त्यांना तोंडघशी पाडलं.

सात नंबरच्या खाटेवर टेलरकाका होते. आजार बरा होण्यापलीकडे गेलेला. घास गिळणं अवघड होत चाललं होतं. पंधरा दिवसांपूर्वीच त्यांनी रुग्णालयाचा छापील फॉर्म मागवून भरला होता: गिळता आलं नाही तरी नाकातून नळी घालू नये, दुखणं तेवढं कमी ठेवावं. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. एक शेजाऱ्याची. दुसरी जागा मोकळी दिसली, म्हणून सिस्टरांची.

सोमवारी सकाळी परगावी राहणारा मुलगा आला आणि वडिलांना पाहून हबकलाच. "नळी घाला. आत्ताच्या आत्ता. उद्या लोक म्हणतील, बापाला उपाशी मारलं!"

"त्यांनी तसं लिहून दिलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सिस्टर, फॉर्म आणा बरं."

फाईल काढताना सिस्टरांची नजर तळाच्या बारीक अक्षरांवर गेली. उपचार करणाऱ्या कर्मचाऱ्याने साक्षीदार होऊ नये, असं तिथे साफ छापलेलं होतं. मुलाने ते वाचलं नसतं. गप्प बसलं असतं तरी भागलं असतं. पण पुढे कोणी त्यावर बोट ठेवलं, तर टेलरकाकांच्या शब्दाला किंमत उरली नसती.

"हा फॉर्म चालायचा नाही," सिस्टर सर्वांदेखत म्हणाल्या. "माझी सही तिथे नको होती. चूक माझी."

"झालं तर मग! घाला नळी," मुलगा म्हणाला.

"थांबा हो. फॉर्म बाद झालाय, तुमचे बाबा नाही झाले. अंग पुसलं की तासभर ते चांगले जागे असतात. त्यांनाच विचारू, तुमच्यासमोर."

साक्षीदार मात्र बाहेरचे हवेत. आठ नंबरच्या पेशंटच्या वहिनी लगेच तयार झाल्या. दुसरा सापडला लिफ्ट दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक.

"मॅडम, मला लिफ्टमधलं कळतं, यातलं नाही!"

"कान आहेत ना? ऐकायचं आणि खरं तेवढं सांगायचं. चला."

टेलरकाकांनी डोळे उघडले, एकेकाला न्याहाळलं आणि मेकॅनिकला बारीक आवाजात म्हणाले, "पँटची शिवण उसवलीय तुमच्या. डावीकडची."

"पूर्ण शुद्धीवर आहेत," डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. मग विचारलं, "काका, नळी घातली नाही तर काय होईल, माहीत आहे?"

"मरेन. घातली तरी मरेनच, फक्त नाकात नळी घेऊन. नको मला."

मुलगा खाटेवर वाकला. "बाबा, भूक लागली तर?"

"नाही रे लागत. तोंड कोरडं पडतं तेवढं."

"पण लोक काय म्हणतील?"

"चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले मी. एकाने तरी नावं ठेवायची सोडली का?"

वहिनी पदराआड हसल्या. मुलालाही हसू आलं, डोळे भरलेले असतानाच. "ठीक आहे, बाबा," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं."

नवा फॉर्म पुढे आला. पेन सिस्टरांच्या खिशाला बांधलेलं, त्यामुळे काकांना सही करता यावी म्हणून सिस्टर खाटेवर ओणव्या झाल्या. मग वहिनींसाठी वाकल्या. मेकॅनिकची पाळी आली तेव्हा वैतागून त्यांनी कात्रीने दोराच कापला, पेन त्याच्या हातात दिलं आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून उभ्या राहिल्या.

"सिस्टरांना धरून ठेवा रे कोणीतरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नळीचा ट्रे कपाटात परत गेला. सिस्टरांनी चुकांच्या वहीत आपली चूक तारीख घालून लिहिली. त्या परत आल्या तेव्हा मुलगा खाटेशी स्टूल ओढून बसला होता.

"तोंड कोरडं पडतं म्हणाले. मी काय करू?"

सिस्टरांनी ओल्या बोळ्याने ओठ कसे पुसायचे ते दाखवलं. मुलाने बोळा चांगला निथळता भिजवला.

"हळू," टेलरकाका डोळे मिटूनच म्हणाले. "कॉलर भिजवशील."