बेल न वाजवणाऱ्या नलूताई

नलूताईंनी आमच्या घराची बेल कधीच वाजवली नाही. फोनवर दोन शब्दांचा मेसेज यायचा, 'दाराशी आहे', आणि आम्ही दार उघडेपर्यंत त्या पायरीवर निवांत बसून राहायच्या. एकदा मी मीटिंगमध्ये होतो, केतकी आंघोळीला गेली होती, तर पंचवीस मिनिटं बसल्या. मी ओशाळून म्हटलं, बेल वाजवायची ना. तर म्हणाल्या, "बेल वाजली की माणूस धावत येतो. मला काय घाई आहे?" मला तेव्हा हा निव्वळ चक्रमपणा वाटला होता. मी सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायचं काम करतो, आणि ती सवय मी ऑफिसातच ठेवून येतो असं आमच्या घरात कोणीही म्हणणार नाही.

नलूताई इथे ऑस्ट्रेलियात, आमच्या क्रेगीबर्नमध्ये शाळेची बस चालवायच्या. साठीला टेकलेल्या, बारीक कापलेले पांढरे केस, अंगात बारा महिने ते पिवळंधमक जॅकेट. ऐन तारुण्यात नवऱ्याबरोबर मिरजेहून आल्या, नवरा गेल्यावर इथेच राहिल्या. बसची नोकरी मिळण्याआधी त्या बरीच वर्षं जनावरांच्या दवाखान्यात साफसफाई करत होत्या. तिथे कोणीतरी टाकून गेलेला एक अजगर त्यांनी डॉक्टरांना विचारून घरी नेला, आणि तेव्हापासून साप हा त्यांचा विषय झाला. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बायका त्यांच्याशी जरा अंतर राखूनच बोलायच्या. त्याचं नलूताईंना काहीच वाटत नसे. आमची सई त्यांच्याच बसने शाळेत जायची आणि नेमकी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायची, एवढीच आमची ओळख.

सई बारा वर्षांची असताना दोन वर्षं हट्ट करून तिने साप मिळवला. इथे साप पाळायला लायसन्स लागतं, ते माझ्या नावाने निघालं, आणि एका शुक्रवारी ठिपक्याठिपक्यांचं, पेन्सिलीएवढं जाड, बिनविषारी अजगराचं पिल्लू घरी आलं. सईने त्याचं नाव ठेवलं नूडल. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग आम्ही जे केलं ते फक्त आपलीच माणसं करू शकतात. आम्ही त्याचं बारसं केलं.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी दुपारी, आठ कुटुंबं जमली. केतकीने काचेच्या टाकीला झेंडूची माळ लावली, घुगऱ्या केल्या. मंडळातल्या एका बाईंनी हौसेने आत्या होऊन नूडलसमोर 'कुर्रर्र' केलं. सापाला कान नसतात हे सई सांगत होती, पण ऐकतंय कोण. मग फोटोसाठी नूडल या हातातून त्या हातात फिरला. शेवटी तो सईच्या हातात आला आणि तिच्या अंगठ्याला कडकडून चावला. सई किंचाळली, नूडल कार्पेटवर पडला, सगळे हसले. मी पुढे होऊन सईच्या डोक्यात टपली मारली. "दोन वर्षं आमचं डोकं खाल्लंस ना? आता एवढंसं रक्त आलं तर किंचाळतेस काय?" त्यावर सगळे पुन्हा हसले.

त्या दिवसानंतर सईने टाकी उघडली नाही. कोणी नुसतं जवळून गेलं तरी नूडल मान आखडून काचेवर धडक मारायचा. सई त्याचं पाणी केतकीला बदलायला सांगायची आणि स्वतः टाकीकडे पाठ करून अभ्यास करायची. मी माझ्या पद्धतीने प्रश्न निकालात काढला. शाळेची ही टर्म संपेपर्यंत तुला हा साप हातात घेता आला नाही तर ज्यांच्याकडून आणला त्यांना परत, असं जेवताना जाहीर केलं. सईच्या ताटातला भात तसाच राहिला.

हे तिने कधीतरी बसमध्ये सांगितलं असणार, कारण पुढच्या मंगळवारी पहिल्यांदा तो मेसेज आला, 'दाराशी आहे'. नलूताई सईच्या खोलीत आल्या, टाकीपासून दूर खुर्ची घेतली आणि चहा पीत अर्धा तास नुसत्या बसल्या. टाकीला बोटही लावलं नाही. मग मला विचारलं, बारशाला किती माणसं होती. मी म्हटलं, पस्तीसेक.

"नव्या घरात पहिल्याच दिवशी पस्तीस माणसांनी तुला उचललं असतं, तर तूही चावला असतास," त्या शांतपणे म्हणाल्या.

मी म्हटलं, पण हा भलताच रागीट निघालाय. तेव्हा त्यांनी ते वाक्य सांगितलं जे मी पुढे ऑफिसातही अनेकदा स्वतःशी म्हटलं आहे. "रागीट नाही रे, घाबरलाय. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं."

त्यांनी सईला काम नेमून दिलं. दोन आठवडे हात लावायचा नाही. टाकीच्या तीन बाजूंना वर्तमानपत्र चिकटवायचं, आत लपायला मातीची कुंडी आडवी ठेवायची. सईने घालून मळवलेला एक टी-शर्ट कोपऱ्यात ठेवायचा, म्हणजे तिचा वास त्याला सवयीचा होईल. खाणं लांब चिमट्यानेच द्यायचं. यावर केतकी हिरमुसली, कारण आठवड्याचा तो गोठवलेला उंदीर नाक दाबून का होईना स्वतःच्या हाताने भरवला तर त्याला आपली माया लागेल, अशी तिची समजूत होती. नलूताई म्हणाल्या, "त्याला माया कळत नाही गं. हातातून खाणं मिळालं तर तो हातालाच खाणं समजेल. त्याला फक्त खात्री हवी, की या हातापासून धोका नाही." आणि सईने रोज टाकीशेजारी बसून अभ्यास करायचा. बाकी काही नाही. जाताना म्हणाल्या, "नो वरीज. घाई आपल्याला आहे, त्याला नाही."

माझा त्या पद्धतीवर विश्वास नव्हता. टर्म संपत चालली होती आणि ही पोरगी सापाशेजारी बसून गणितं सोडवत होती. एका रविवारी नलूताई यायच्या जरा आधी मी म्हटलं, बघ, असं करायचं असतं, आणि झाकण सरकवून सरळ हात आत घातला. नूडल माझ्या मनगटाला चावला, लचका तोडायचाच काय तो बाकी ठेवला. तेवढ्यात नलूताई आल्या. माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "वरून हात घातलास ना? जमिनीवर राहणाऱ्याच्या अंगावर वरून येतो तो शिकारी पक्षी. हात बाजूने, खालून, त्याला दिसेल असा यायला हवा."

मी वैतागून पट्टी शोधायला लागलो. औषधांचा डबा सईच्या टेबलावरच्या फळीवर होता. तो काढायला मी तिच्या डोक्यावरून हात नेला आणि सईने डोळे गच्च मिटून मान खांद्यात ओढून घेतली. क्षणभरच. मग तिने डोळे उघडले आणि पुन्हा गणिताकडे वळली. नलूताईंनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

त्या दिवशी मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. गाडीचं दार उघडून त्या म्हणाल्या, "मंदार, हात वरून येऊ देऊ नकोस. मी सापाचं नाही म्हणत."

मला राग आला. मी पोरीला मारत नाही. टपली म्हणजे काय मारणं झालं? आमच्या घरात टपली मारूनच बोलतात, माझे बाबा मारायचे, काका मारायचे, आम्ही सगळे व्यवस्थित मोठे झालो. हे सगळं मी मनात ऐकवलं, त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत. पण त्या आठवड्यात मी स्वतःच्या हातावर नजर ठेवली. डबा विसरली म्हणून, मोबाईल बघते म्हणून, काहीच नाही म्हणून, नुसती जाता जाता, माझा हात दिवसातून कितीदा तिच्या डोक्याकडे जातो ते मला पहिल्यांदा दिसलं. दर वेळी ती मान आत घ्यायची. मी ते बारा वर्षं पाहिलं नव्हतं, आणि चुका शोधण्याचा मला पगार मिळतो.

तिसऱ्या आठवड्यात नलूताईंनी सईला हात आत ठेवायला शिकवलं. बाजूने, तळवा वर करून, काहीही न करता, पाच मिनिटं. "चावला तरी मागे ओढू नकोस. ओढलास की तो शिकतो, चावलं की हात जातो. राहू दे तिथेच. दुखतं थोडं, पण तेवढंच." सईने दोनदा चावून घेतलं. दोन्ही वेळा डोळ्यांत पाणी आलं आणि हात तिथेच राहिला. मी दारात लॅपटॉप घेऊन जमिनीवर बसायचो. टपली बंद केली होती. तरी पहिले बरेच दिवस मी जवळून गेलो की सईची मान आत जायचीच. मला वाईट वाटायचं. मग नलूताईंचं घाईबद्दलचं म्हणणं आठवायचं आणि मी आपला ईमेल वाचायचो.

टर्मच्या शेवटच्या बुधवारी नूडल कुंडीतून बाहेर आला. जीभ लवलवत तो सईच्या बोटांपर्यंत गेला, थांबला, आणि मग स्वतःहून तिच्या तळव्यावर चढला. सई पुटपुटली, "बाबा, डोंट मूव्ह." मी हललो नाही. तो तिच्या मनगटाला वळसा घालून तिथेच विसावला. मला वाटलं आता फोटो काढावा, व्हिडिओ काढावा, निदान केतकीला हाक मारावी. नलूताई दोनच मिनिटांत म्हणाल्या, "बास. ठेव त्याला घरात. चांगलं चाललंय तेव्हाच थांबायचं." सईने त्याला ठेवलं, झाकण लावलं, आणि वळून माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. माझे हात कुठे ठेवावे ते मला कळेना. मग मी ते बाजूने नेले.

त्यानंतर त्या दर रविवारी येत राहिल्या, सापासाठी म्हणून आणि मग नुसत्याच. एकदा मी विचारलं, हे सगळं तुम्हाला कसं कळलं. नलूताईंनी कप खाली ठेवला. "उशिरा कळलं. माझ्या मुलाच्या वेळी ठाऊक नव्हतं. माझाही हात वरूनच यायचा, आणि टपलीपेक्षा जोरात." त्यांचा मुलगा पर्थला होता. वाढदिवसाला फोन करायचा, तेवढाच. त्या मात्र दर रविवारी सकाळी त्याला दोन ओळी पाठवत, इकडचं हवामान, बागेतल्या लिंबाला किती लिंबं लागली, असं. उत्तर मागत नसत. अशी आठ वर्षं चालली होती.

गेल्या जानेवारीत त्या पर्थला राहायला गेल्या. मुलाला मुलगी झाली होती आणि त्याने स्वतः फोन करून बोलावलं होतं. "ये म्हणाला," एवढंच त्यांनी आम्हाला सांगितलं, आणि पहिल्यांदाच मी त्यांना घाईत पाहिलं. सई आता अठरा वर्षांची, त्यांच्याहून वीतभर उंच. ती पाया पडायला वाकली तेव्हा नलूताईंनी डोक्यावर हात ठेवला नाही. दोन्ही खांदे धरून तिला उठवलं. मी त्यांचे आभार मानायचे ठरवले होते, शब्दही जुळवले होते. ऐनवेळी ते राहिले आणि मी नुसती त्यांची बॅग उचलून गाडीत ठेवली. त्यांना ते पोहोचलं असावं. त्यांना सगळंच जरा लवकर कळायचं.

परवा सई ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास झाली. घरी येऊन खोलीचं दार लावून घेतलं. माझ्याकडे बोलायला भरपूर होतं, सरावाबद्दल, आरसे न बघण्याबद्दल, आणि हात दारावर थाप मारायला वर गेलाही होता. मी तो खाली घेतला. दोन कप चहा केला, तिच्या दाराबाहेर जमिनीवर बसलो आणि फोनवर टाईप केलं, 'दाराशी आहे'.

माझा चहा संपला. तिचा गार झाला. वीसेक मिनिटांनी आतून कडी निघाली. सई मनगटावर नूडल घेऊन बाहेर आली, माझ्या शेजारी बसली, आणि तो गार चहा प्यायली.