भासऱ्याले हात लावला

माह्या जावेले लोकं आता डॉक्टरीणबाई म्हणतात. म्हणू द्या. मी सोजरा, तिची थोरली जाऊ. मले मालूम हाये ती काय चीज हाये ते. नाव कोकिळा अन् आवाज फाटक्या भोंग्याचा. भाजीत मीठ टाकाचं भुलते, भांडाचं मात्र कधी भुलत नाही.

पण रीत पाळाची म्हणजे पाळाची. आमचे हे, रंगराव, तिचे भासरे. लहान्या भावाची बायको भासऱ्यासमोर पदराबिगर येत नाही, त्याच्याशी बोलत नाही, त्याले शिवत त नाहीच नाही. हेबी दारात आले की पह्यले जोरात खाकरत. खाकरलं की कोकिळाचा पदर नाकापर्यंत. तिले काही सांगाचं असलं त माह्याकडे पाहून म्हणत, "सांग तिले, भाजीत मीठ नाही." ती माह्या पाठीमागून म्हणे, "सांगा त्याइले, जिभीले चव नाही." मधात मी, निरा पोस्टमन!

मागच्या उन्हाळ्यात आमच्या बीबी गावच्या ग्रामपंचायतीत निशिगंधा नावाची नर्सबाई आली. माणूस धाडकन पडला, काळीज बंद पडलं, त जीव कसा वाचवाचा ते शिकवाले. संगं एक बिनपायाचा रबरी माणूस अन् डोळ्याले बांधाचा एक काळा डबा. व्हीआर म्हणतात त्याले. तो बांधला की आपण भरल्या बाजारात उभे, समोर एक माणूस पडून हाये, अन् हात लावला की हाताखाली ती रबरी छाती. आम्ही साऱ्या बाया पाहाले गेलो.

कोकिळानं डबा बांधला अन् "अगं माय वं!" करत डब्यावरूनच पदर ओढला. आम्ही हसून हसून लोळलो.

"काय झालं ताई?" निशिगंधानं इचारलं.

"हा बुढा त आमच्या भासऱ्यावानी हाये. धोतर, मिशा, सारं तेच. मी नाही शिवत त्याले."

"अहो, तो खोटा आहे!"

"खोटा असला म्हणून काय झालं? मिशा त हायेत न!"

अन् पाठ फिरवून निघाली. डोळ्यावर डबा, गेली ते सरळ भिंतीवर. निशिगंधानं तिले धरून परत आणलं. जीव वाचवताना नातं बघायचं नसतं, म्हणे. छातीच्या मधोमध दोन्ही हात, कोपर ताठ, जोरात अन् भराभर दाबायचं, दवाखान्याची गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. मोजता येत नसेल तर तालात काहीही म्हणा. कोकिळाले तालात येते काय, त शिव्या! त्या बुढ्याले तिनं अशा हाणल्या की तो उठून बसला. न बसून सांगते कोणाले! घरी आल्यावर मी म्हणलं, "खोट्याले जिवंत करून आली न? आता चुलीपाशी बस."

मंग सोयाबीन निघालं. एक दिवस भर दुपारी हे आंगणात आले, खाकरले नाही, काही नाही, पोत्याजवळ धाडकन पडले. मी बोंब मारली. गल्ली जमा झाली. कोणी कांदा फोडून नाकाले लावला, कोणी चप्पल हुंगवली, मी तळपाय घासून राह्यली. ह्याइची छाती हालत नव्हती.

कोकिळा चौकटीत उभी. पदर नाकावर.

"बाई, लावू काय हात?"

पाहा! अशा वक्ती पुसते!

"लाव न वं सटवे! माह्यं कुकू पुसल्यावर लावशीन काय?"

तिनं पदर कमरेले खोसला, नवऱ्याले, इंद्रभानले, ओरडली, "एकशेआठले फोन लावा!" अन् गुडघ्यावर बसून सुरू झाली. "माह्या पाणी भराच्या पाळीले मोटर बंद करता! चहा गार म्हणता! मीठ नाही म्हणता! घ्या मीठ! ऊठ मेल्या, ऊठ!" एका एका शब्दाले एक एक दाब. सारी गल्ली ऐकून राह्यली. भासऱ्याले मेल्या! कटकन फासळी वाजली, मी किंचाळली. "वाजू द्या," म्हणे, अन् हात थांबले नाही. दम संपला त इंद्रभानले बसवून त्याचे हात जाग्यावर ठेवले, अन् जरा श्वास घेऊन परत सोता.

गाडी आली, गाडीतल्या डॉक्टरनं मशीननं झटका देला, काळीज चालू झालं. डॉक्टर म्हणे, या बाईनं दाबलं नसतं त गाडी येऊन उपयोग नव्हता. मी तिच्या गळ्यात पडून रडली. लुगड्याले फोडणीचा वास होता, तोबी गोड लागला.

हे दवाखान्यातून घरी आले. दारात उभे राह्यले, रीतीनं खाकराले गेले, अन् "अयाया!" करून छाती धरली. मोडक्या फासळ्यांनी खाकरताच येईना. अंदर कोकिळा चुलीपाशी, डोकं उघडं. मी मुद्दाम चूप. मी काऊन बोलू? चौकट धरून उभे राह्यले बिचारे, न अंदर न बाहेर. मंग हळूच म्हणाले,

"कोकिळा, मी आलो."

ती या घरात नांदाले आली तवापासून पह्यल्यांदा तिचं नाव त्याइच्या तोंडून निघालं. तिचा हात पदराकडे गेला, अन् तसाच खाली आला.

"या," म्हणे. "डॉक्टरनंच मीठ कमी केलं हाये. आता बोला."