बर्फावरची खार

अख्ख्या जालना जिल्ह्यात बर्फावरून चालण्याचा अनुभव मस्तगडच्या आमच्या घरमालकांइतका कुणालाच नसेल, आणि खरा बर्फ त्यांनी पाहिला तो फक्त रसवंतीवर. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये जन्मभर क्रेन चालवून निवृत्त झालेले हे काका रोज दुपारी मुलीचा जुना टीव्ही गेम लावून बसतात. तिच्या लहानपणच्या कार्टूनमधली टोपीवाली खार त्यात उड्या मारत अक्रोड गोळा करते. कॅसेट फुंकून बसवायची, खारीला "चल बाई, ड्यूटीवर" म्हणायचं, आणि गोगलगाय आडवी आली की तिला आधी जाऊ द्यायचं. तिच्यावर उडी मारली की पॉइंट मिळतात, असं मी एकदा सुचवलं. "तिनं तुझं काय घेतलं रे, गोंदिया?" भाडेकरूंना ते जिल्ह्याच्या नावानंच हाक मारतात. पाच वाजले की खार हवेत का असेना, रिमोट खाली. खार खड्ड्यात जाते. "सुट्टी म्हंजे सुट्टी."

नववीतून शाळा सोडून मी इतक्या लांब आलो तो कामासाठी. मिलमध्ये क्रेनची लोंबती बटणपेटी हातात दिली, आणि पहिल्याच दिवशी सळयांचा बंडल असा झोके घ्यायला लागला की माणसं पळाली. सुपरवायझर म्हणाले, सोमवारी परत बघू, नाही जमलं तर गावी जा. मी खोलीवर येऊन पिशवीच भरायला घेतली. काका दारात उभे. काय झालं ते मी सांगितलं.

"बटण कधी सोडलं?"

"बंडल जागेवर आल्यावर."

"तिथंच चुकलास. बस इथं."

सोमवारपर्यंत त्यांनी मला फक्त बर्फाचा टप्पा खेळायला लावला. बर्फावर खार थांबवली तरी घसरत जाते. जागा यायच्या आधीच बटण सोडायचं आणि मग हात आवरून नुसतं बघायचं. "आता न्हाई दाबायचं. भिऊन दाबलं की गेलास." मी त्या खारीला किती वेळा बुडवलं, देव जाणे. काका एकदाही रागावले नाहीत. "येती वापस," एवढंच म्हणायचे.

सोमवारी बंडल गाडीवर अलगद टेकला. सुपरवायझर मान डोलावून पुढे गेले. मी धावत घरी आलो.

"लोड हलला?"

"न्हाई, काका."

ओट्यावरून आईला फोन लावला. "मी येत नाही गं, काम पक्कं झालं." आतून काका म्हणाले, "तिला सांग, जेवतो बराबर."

"कोण रे ते?" आईनं विचारलं.

घरमालक, म्हणालो. दुसरा शब्द तेव्हा सुचला नाही. अजूनही शोधतो आहे.