यादी मनात वाचायला लावणाऱ्या प्रज्ञाताई

सर्वांची प्रकृती कशी आहे? बदलापूरच्या भोईरदादांचा गुडघा आता जिना चढू देतो का? विठ्ठलवाडीच्या लीलामावशींना ऑपरेशनच्या डोळ्याने नीट दिसू लागलं का? आणि ज्यांच्या साठीनिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे, त्या प्रज्ञाताईंचा खोकला? आपल्या वाचनालयाच्या मंडळात कुणी अंबरनाथला शिंकलं तरी कॅम्प चारच्या वस्तीपर्यंत बातमी जाते. पुढचं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

ताईंशी माझी ओळख संशयातूनच झाली. विहारातल्या वाचनालयात दर रविवारी प्रोग्रामिंग फुकट शिकवणार, अशी पाटी लागली. मी विजेच्या मोटारी रिवाइंड करणारा माणूस; जे शिकलो ते जळक्या मोटारी उघडून. फुकट म्हटलं की मला आत काहीतरी जळाल्याचा वास येतो. नावनोंदणीच्या वहीत मोबाईल नंबर मुद्दाम चुकीचा लिहिला आणि विचारलं, "बाई, शेवटी विकणार काय?"

ताई हसल्या. "काही नाही. पण काका, तुमचा नंबर नऊच आकडी आहे. असू दे. एवढाच संशय आता प्रत्येक कमांडवर घ्या."

त्यांची शिकवण तशीच होती. नवा प्रोजेक्ट कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत हाताने टाइप करून उभा करायचा. नेटवरून उचललेली ओळ समजल्याशिवाय एंटर दाबायचं नाही. आधी फोल्डर बनवा, त्यात शिरा, आपण कुठे आहोत ते विचारून घ्या, आणि मगच 'गिट इनिट' लिहा, म्हणजे मशीन त्या जागेची नोंद ठेवू लागतं. नोंदीत काय काय आलं त्याची यादी प्रत्येकाने मोठ्याने वाचायची. त्याआधी काम इंटरनेटवर चढवायचं नाही, कारण तिथे ते कुणालाही दिसू शकतं.

पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्राम मी करावा असं ठरलं. मी फोल्डर बनवलं आणि आत शिरायचंच विसरलो. लॅपटॉप घरून आणलेला, त्यावरचे माझे सगळे घरगुती कागद नोंदीत आले. मी आपला खणखणीत आवाजात वाचतो आहे, "लाईट बिल, आधार कार्ड, सुलभा..."

पुढचा शब्द 'बायोप्सी' होता. सुलभा माझी पत्नी. तिचा आजार आम्ही घराबाहेर जाऊ दिला नव्हता. "लोक डबे आणतील आणि तोंड पाडून बसतील. मला नको," असं तिने बजावलं होतं.

मागे उभ्या असलेल्या ताईंचा हात पुढे आला आणि स्क्रीन कोरी झाली.

"काय झालं गं?" लीलामावशींनी मान वळवली.

"काही नाही मावशी. काकांनी घर बांधलं आणि संसार अंगणात मांडला. तुम्ही आपल्या स्क्रीनकडे बघा बरं!"

वर्ग हसला. नंतर ताईंनी माझ्यासोबत बसून ती चुकीची नोंद काढून टाकली. रिपोर्टबद्दल चकार शब्द नाही. मला वाटलं, एवढ्या गप्प आहेत म्हणजे नक्की वाचलंय, आता आठवड्यात सगळीकडे होणार. पुढच्याच रविवारी मावशींनी सहज विचारलं, "वहिनी दिसल्या नाहीत?" मी मनात म्हटलं, फुटलं! दोन रविवार वर्गालाच गेलो नाही.

परत गेलो तर ताई सांगत होत्या, "आजपासून यादी मनात वाचायची."

"का हो ताई?"

"सगळे एकदम ओरडतात, माझं डोकं दुखतं."

मला ते काही पटलं नाही.

उपचार संपले. सुलभाच्या तोंडाला चव आली, मग तिने स्वतःच मावशींना सांगितलं. मावशी माझ्यावर उखडल्या. "भाऊ, इतके महिने? आम्ही काय परके होतो?" तेव्हा कळलं की कुणालाही, काहीही माहीत नव्हतं. ज्यांच्यावर मी पहारा ठेवला, त्यांनीच आमचं दार सांभाळलं होतं. हे छापायची परवानगी सुलभाने दिली आहे.

ताई, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. तुमचा वर्ग भरलेला राहो. पण माझा एक संशय अजून गेलेला नाही. तुम्ही तो शब्द वाचला होता ना? समोर विचारलं तर हसून टाळाल, म्हणून इथे विचारतो. वाचला असेल तर सुलभाला स्वतः तुमच्याकडे डबा घेऊन यायचं आहे. नसेल वाचला तरी ती येणारच आहे म्हणते. तेव्हा कधी येऊ, तेवढं दोन ओळींत लवकर कळवा.