गल्लीतली शहाणी पोर

पुट्टम्माची सिंचना आठ वर्षांची. बंगळुरातल्या यशवंतपूरच्या त्या अख्ख्या गल्लीत शहाणी पोर म्हणून तिचं नाव. बाप नंजुंडा पिऊन आला, त्यानं भांडी आपटली, तरी पोर भिंतीला टेकून बसलेली, हूं की चूं नाही. शेजारणी म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई. आमची कार्टी बघ." आणि पुट्टम्माला ते खरंही वाटायचं. आता काय बोलावं अशा आईला?

नंजुंडाला दारू सोडवायला केंद्रात ठेवलं, तेव्हा पुट्टम्मा एका प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे धुवायला लागली. तिथं उंदराला शिट्टी ऐकवायचे आणि लगेच पायाला विजेचा चटका द्यायचे. चार-पाचदा झालं की नुसत्या शिट्टीनं तो जागच्या जागी खिळायचा. किती सेकंद, ते संशोधन करणारी चैत्रा मोजून लिहायची.

पहिल्याच आठवड्यात पुट्टम्मा एका उंदराकडे बघून चैत्राला म्हणाली, "हा गुणी आहे हो. कसा गप बसलाय."

"गुणी कसला, अक्का? घाबरलाय तो. मेंदूत बदामासारखा एक भाग असतो, तो त्याला हलूच देत नाही."

पुट्टम्मा धुतलेलाच पिंजरा घासत राहिली. मग तिनं विचारलं, "जाते का ही भीती?"

"शिट्टी वाजवत राहायची, चटका द्यायचा नाही. मग दबते. पुसली जात नाही पण. पुढं एक चटका बसला की सगळी परत."

तीन महिन्यांनी एका रविवारी भर दुपारी नंजुंडा आला. गुळगुळीत दाढी, हातात चिक्कूंची पिशवी. माणूस खरंच सुधारला होता, खोटं कशाला सांगू? दारात तो नुसता खाकरला. सिंचनाचा मुद्देचा, म्हणजे नाचणीच्या उकडलेल्या गोळ्याचा, घास तोंडापाशी होता, तो तिथंच राहिला.

पुट्टम्मा उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"अगं, थेंब घेतला नाही तीन महिने. डॉक्टरचा कागद आहे."

"असेल. मला पटतं. तिला कागद वाचून दाखवू का? तुम्ही बहिणीकडे राहा. रोज समोरच्या कट्ट्यावर येऊन बसा, आणि जा. आत यायचं नाही."

"किती दिवस?"

"मला नाही माहीत."

तिला राग आला नाही, रडूही नाही. तिच्या आत काही हललंच नाही. नंजुंडा पिशवी पायरीवर ठेवून गेला. तो कोपऱ्यावरून वळल्यावर सिंचनानं घास ताटात टाकला आणि भोकाड पसरलं. शेजारणी दारात येऊन बघायला लागल्या. पुट्टम्मानं तिला गप केलं नाही.